जुनी मराठा तलवार पारखताना आणि सांभाळताना: पातं, मूठ, म्यान, पडदळं

जुनी तलवार क्वचितच एका हातून, एका वेळी घडलेली असते. पातं जर्मनीतल्या झोलिंगनचं, मूठ दख्खनची, म्यान शंभर वर्षांनी नव्याने केलेलं आणि त्यावरची मखमल त्याहून अलीकडची, असा नग सहज समोर येतो. तो खोटा असतोच असं नाही. नागपूरकर रघूजी भोसले यांची तलवार महाराष्ट्र शासनाने एप्रिल २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून मिळवली. तिचं सरळ, एकधारी पातं युरोपात घडलेलं, मूठ मुल्हेरी या देशी घाटाची आणि सोन्याच्या नक्षीची, आणि पात्यावर देवनागरीत कोरलंय: ‘श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा फिरंग’. परदेशी पात्याला फिरंग म्हणायचं आणि ते आपल्या मुठीत बसवायचं, ही अठराव्या शतकातली सरळ, उघड रीत होती.

म्हणून ‘ही तलवार कोणाची?’ हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं ते असं: हे भाग एकत्र कधी आले, आणि त्याची खूण नगावर कुठे आहे? ही खूण बहुतेक वेळा मळात, लाखेत, जुन्या गंजात आणि म्यानाच्या शिवणीत असते. पुढे साफसफाईबद्दल इतका हात आखडता घ्यायला सांगितलंय, तो याच कारणाने.

पैसे देण्याआधी कागद

शस्त्र नियम, २०१६ च्या वर्गवारीत तलवार, गुप्ती, खंजीर, संगीन, भाला ही अग्निशस्त्रांखेरीजची शस्त्रं म्हणून येतात. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४ प्रमाणे सरकार अधिसूचना काढून एखाद्या भागात अशी शस्त्रं बाळगायला परवाना बंधनकारक करू शकतं. तुमच्या जिल्ह्यात काय लागू आहे हे दुकानदाराला विचारू नका. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या, आयुक्तालय असेल तर पोलीस आयुक्तालयातल्या शस्त्र परवाना शाखेत लेखी अर्ज करा आणि लेखी उत्तर जपून ठेवा. घरात ठेवायला हरकत नसली तरी रस्त्यावर नेणं वेगळं. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली सणावाराला, निवडणुकीला मनाई आदेश निघतात आणि त्यांत तलवारीचं नाव हमखास असतं. शस्त्रांच्या खरेदी-विक्रीचा धंदा करायचा तर वेगळा परवाना लागतो.

दुसरा कायदा पुरावशेषांचा, १९७२ चा. शंभर वर्षांहून जुनी तलवार त्याखाली पुरावशेष ठरू शकते आणि असा पुरावशेष खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या भाच्याला भेट म्हणूनही नाही. पुरावशेषांचा व्यापार करणाऱ्याकडे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचा परवाना असावा लागतो. तो पाहायला मागा आणि त्याचा क्रमांक बिलावर लिहून घ्या. नांगरताना किंवा पाया खणताना निघालेली तलवार तर विकत घ्यायचीच नाही. १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. मूठ हस्तिदंताची असेल तर वन्यजीव संरक्षण कायदाही मधे येतो; हस्तिदंताच्या खरेदी-विक्रीला बंदी आहे, तेव्हा त्या नगाला हात लावू नका.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी संग्राहकांसाठी एक गोष्ट. तिथे ५० सें.मी. किंवा त्याहून लांब वक्र पात्याच्या तलवारींच्या विक्रीवर आणि आयातीवर २००८ पासून बंदी आहे. शंभर वर्षांपेक्षा जुन्या नगांना सूट आहे, पण वय दाखवायची जबाबदारी तुमच्यावर येते.

पाहायला जाताना सोबत काय न्यावं

दहापट भिंग, बारीक झोताचा टॉर्च, प्लास्टिकचा व्हर्निअर कॅलिपर (लोखंडी जबड्याने ओरखडे पडतात), कापडी टेप, दोन किलोपर्यंतचा काटा, नायट्रिलचे हातमोजे, लहान चुंबक आणि एक पांढरा सुती रुमाल. सुती हातमोजे नकोत, त्यांतून मूठ निसटते. उघडा हातही नको. घामातल्या मिठाने पडलेला बोटाचा ठसा आठवड्याभरात गंजून कायमचा होतो.

म्यान धरण्याची रीत आधी शिकून घ्या. जुन्या म्यानाच्या दोन लाकडी फळ्या धारेच्या बाजूला उकललेल्या असू शकतात. म्यानाभोवती मूठ आवळून तलवार उपसली तर धार त्या फटीतून बोटांवर येते. म्यान तळव्यावर आडवं ठेवा, बोटं धारेकडे वळू देऊ नका, धार वर ठेवून पातं पाठीवरून सरळ सरकवत काढा. अडकली तर पिळू नका, ठोकू नका. पावसाळ्यात लाकूड फुगलेलं असतं. तोच नग जानेवारीत बिनबोभाट निघतो. विकणाऱ्याला घाई असेल तर आतलं पातं न पाहता सौदा करू नका.

आधी मोजमाप, मग नजर

वक्र तलवारीचं पातं साधारण ७० ते ८० सें.मी. भरतं आणि पूर्ण तलवारीचं वजन म्यानाशिवाय बहुधा ७५० ग्रॅम ते १.२ किलोच्या आत असतं. सरळ पात्याची फिरंग याहून लांब असते. ८५ ते १०० सें.मी.चं पातं नेहमीचं. पात्याची लांबी मुठीच्या आडव्या गजापासून टोकापर्यंत सरळ रेषेत मोजतात, वक्रावरून नाही.

सर्वांत बोलकं माप जाडीचं. पाठीची जाडी तीन ठिकाणी मोजा: मुठीलगत, मध्यावर आणि टोकाच्या चार बोटं अलीकडे. लढाईसाठी घडवलेलं पातं मुठीशी ५ ते ७ मि.मी. असतं आणि टोकाकडे २ ते ३ वर उतरतं, कारण पुढचं वजन कमी केल्याशिवाय मनगट फिरत नाही. दुकानात टांगण्यासाठी केलेलं पातं बाजारातल्या पट्टीतून कापतात. ते सगळीकडे ४ नाहीतर ५ मि.मी. भरतं आणि हातात पहारीसारखं लागतं. फक्त या एका मापावर बरेच नग तिथल्या तिथे बाद होतात.

मग तोल. आडव्या गजापुढे किती सेंटिमीटरवर पातं बोटावर स्थिर राहतं ते नोंदवा. एका मुठीवर दुसरं पातं चढवलेलं असेल तर तोल बहुतेक वेळा विचित्र ठिकाणी येतो.

आता पातं डोळ्यासमोर धरून पाठीच्या रेषेत पाहा. हलका बाक चालतो, पीळ चालत नाही. पात्याच्या लांबीच्या दिशेने जाणाऱ्या बारीक रेषा घडाईतल्या असतात, त्यांची चिंता नको. धारेपासून आत शिरणारी आडवी भेग मात्र पात्याचा अंत आहे. ती असेल तर किंमत कितीही उतरली तरी घेऊ नका. पात्यावर आडवा, रंगात किंचित वेगळा पट्टा दिसला तर ते तुटून जोडलेलं असू शकतं. पात्यातली नाळ (लांबीच्या दिशेने जाणारी खोबण) धारेच्या फार जवळ येऊन संपत असेल तर ते अनेकदा परजून झिजलं आहे, किंवा टोक मोडल्यावर नव्याने घासून आकार दिला आहे.

गंज वाचायचा कसा

जुना, स्थिरावलेला गंज गडद तपकिरी ते काळा, घट्ट आणि बोटाला गुळगुळीत लागतो. पांढरा रुमाल त्यावरून फिरवला तर फारसं काही निघत नाही. हा थर पात्याचं वय सांगतो आणि त्याला सांभाळतोही. रुमालावर केशरी भुकटी आली तर गंज अजून खातो आहे.

बनावट म्हातारपण आम्लाने किंवा खारट मातीत पुरून आणतात. तिथे खड्डे एकसारखे, उथळ आणि पाते-मुठीवर सारख्याच प्रमाणात दिसतात. खरा गंज असमान असतो: मुठीपासून पात्यावर उतरणाऱ्या नख्यांखाली, म्यानाच्या तोंडापाशी आणि टोकाला जास्त, कारण ओल तिथे साठते. नख्यांच्या फटीत टॉर्च मारा. बाहेर काळंकुट्ट आणि आत लख्ख पातं दिसलं तर काळेपणा नंतरचा. क्रोमचा मुलामा, वेल्डिंगचे मणी, आत्ताच्या पद्धतीच्या आट्यांचे स्क्रू हे तर उघडच आहेत.

ठसे, अक्षरं आणि त्यांवर किती भरवसा ठेवावा

फिरंगीवर धावता लांडगा, क्रूस असलेला गोल, विळ्यासारख्या दातेरी कमानी, ‘जेनोआ’ (इटलीतलं शहर) किंवा ‘अँड्रिया फेरारा’ (इटालियन तलवारकार) अशी अक्षरं आढळतात. लांडगा मुळात पासाऊ आणि झोलिंगनचा, दातेरी कमानी इटलीच्या. पण या खुणांना बाजारात किंमत होती, म्हणून युरोपातल्या इतर गावांनी आणि आपल्याकडच्या लोहारांनीही त्या मारल्या. इराणी घाटाच्या पात्यांवर ‘असदुल्ला’ या नावाजलेल्या इराणी कारागिराचं नाव शतकानुशतकं असंच मारलं गेलं. ठसा हा पुराव्याचा एक तुकडा मानावा. तो आणि पात्याचा घाट, नाळींची संख्या, जाडीचा उतार हे एकमेकांशी जुळले तरच त्याला वजन.

शस्त्रागाराच्या नोंदीची अक्षरं जास्त कामाची. बिकानेरच्या शस्त्रागारातल्या बऱ्याच शस्त्रांवर ठिपक्याठिपक्यांनी कोरलेला देवनागरी मजकूर आहे. महाराजा अनूपसिंह मोगलांच्या वतीने दख्खनेत होते, तिथला अदोनीचा किल्ला १६८९ मध्ये पडला, आणि त्या लुटीतली शस्त्रं संवत् १७४६ च्या नोंदीसह बिकानेरला गेली. म्हणून राजस्थानी अक्षरं असलेलं शस्त्र घाटाने अस्सल दख्खनी असू शकतं. तंजावरचं मराठा राज्य १८५५ मध्ये खालसा झाल्यावर तिथलं शस्त्रागार असंच पांगलं. काही नग मद्रासच्या संग्रहालयात गेले, बरंच काही मोडीत निघालं.

साल वाचताना हिशेब असा: शालिवाहन शकात ७८ मिळवा, विक्रम संवतातून ५७ वजा करा, राज्याभिषेक शकात १६७३ मिळवा. हिजरीला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवलं की एखाद्या वर्षाच्या फरकाने इसवी सन येतो. काढलेलं साल आणि मुठीचा घाट यांत शंभर वर्षांचं अंतर पडलं तर आधी अक्षरांवर संशय घ्या. जुन्या कोरीव रेषेच्या कडा झिजून गोल झालेल्या आणि तळ आजूबाजूच्या पात्याच्या रंगाचा असतो. नवी रेषा भिंगाखाली धारदार कडेची आणि आत चमकती दिसते. प्रसिद्ध सरदाराचं नाव ताज्या रेषांत असेल तर तिथेच थांबा.

जौहराचं पातं, म्हणजे उंच कर्बाच्या मुशीतल्या पोलादाची लहरदार जाळी, हा वेगळाच मोह. तेलंगणातल्या कोनासमुद्रमसारख्या गावांतून हे पोलाद इराणपर्यंत जात असे. खरी जाळी पोलादाच्या अंगातच असते. ती बारीक, अनियमित असते आणि कुठेही तंतोतंत पुन्हा येत नाही. आम्लाने वरून उमटवलेली नक्षी ठरावीक अंतराने पुन्हा येते आणि पाठीच्या कडेवर एकदम तुटते. वेगवेगळे लोखंडी थर जोडून केलेलं आजचं पातं मोठ्या, ठळक लाटा दाखवतं. शंका मिटवण्यासाठी घरी फेरिक क्लोराइड लावू नका. चुकीच्या तीव्रतेचं आम्ल जाळी काढतं आणि सोबत पृष्ठभागही खातं, मग ते पुन्हा घासून काढायला पात्याची जाडी द्यावी लागते.

मूठ

नेहमीच्या तलवारीच्या मुठीवर थाळीसारखी कटोरी, तिच्या माथ्यावर मोगरा, हाताच्या पकडीसाठी मधे फुगीर भाग, बोटांपुढून येणारी परज, आडवा गज आणि पात्यावर दोन्ही बाजूंनी उतरणारे नखे असतात. फिरंगीच्या आणि खंड्याच्या मुठीला रुंद, अस्तर लावलेली जाळीदार परज असते आणि मोगऱ्यापासून वर निघालेला दांडा असतो. दोन्ही हातांनी वार करायचा तर दुसरा हात त्या दांड्यावर येतो. याच मुठींपासून पात्यावर लांबवर उतरणाऱ्या, रिव्हेट केलेल्या पट्ट्याही असतात. परदेशी पातं इथल्या मुठीत घट्ट बसावं म्हणून त्या असत. पट्टीचे रिव्हेट आणि पात्यावरची जुनी भोकं यांची तुलना करा. वापरात नसलेलं भोक दिसलं तर या पात्याने आधी दुसरी मूठ पाहिली आहे.

जुन्या पोलादी मुठी दोन अर्ध्या कवचांतून करून पितळेने झाळलेल्या असतात. पकडीच्या कडेने पिवळसर, बारीक सांधा दिसला तर ती चांगली खूण. ओतीव नकलेत सांध्याऐवजी साच्याची उंच रेघ आणि हवेचे सुईएवढे खड्डे असतात.

सोन्याचं काम दोन प्रकारचं. कोफ्तगिरीत पोलादावर आडव्याउभ्या बारीक रेघा ओढून त्यांवर सोन्याची तार किंवा वर्ख ठोकतात. झिजलेल्या जागी भिंगाखाली त्या रेघा दिसतात. तहनिशानात खोदलेल्या खाचेत तार बसवतात, ती झिजली तरी खाच राहते. विजेचा मुलामा दिलेल्या मुठीवर सोनं खोलगट भागातही एकसारखं पसरलेलं असतं आणि खाली रेघाही नसतात, खाचाही नसतात.

पातं मुठीत लाखेने बसवलेलं असतं. पात्याची शेपूट आखूड, मुठीत लाख आणि विटेचा भुगा यांचं मिश्रण. दोन गोष्टी यातूनच निघतात. एक, ही लाख उष्णतेने मऊ पडते. म्हणून उन्हात उभ्या मोटारीत तलवार ठेवू नका, आणि बाजारात पात्यांची अदलाबदल किती सोपी आहे हेही ध्यानात ठेवा. दुसरी, लाख स्पिरिटमध्ये विरघळते. मूठ-पात्याच्या सांध्यापाशी स्पिरिटचा बोळा फिरवाल तर जुनी लाख सुटते आणि हे दोघे कधीपासून एकत्र होते याचा पुरावाही जातो. सांध्यातली लाख काळपट, चिरा गेलेली आणि मळाने भरलेली असेल तर जोडी जुनी. ताजी, चकचकीत लाख किंवा इपॉक्सी दिसलं तर कारण विचारा. मूठ किंचित हलते म्हणून आत इपॉक्सी ओतणं हा तर कायमचा अपराध आहे, कारण ते पुन्हा काढता येत नाही. हलणारी मूठ तशीच राहू द्या आणि पात्याला दोन ठिकाणी आधार देऊन ठेवा.

म्यान आणि पडदळं: इथे बहुतेकांचं लक्ष नसतं

बाजारात म्यानाला फुकटची वस्तू मानतात, आणि तिथेच चांगला संग्राहक कमावतो. म्यानाच्या आतला आकार पात्याच्या जुन्या वापराची साक्ष देतो. पातं आत सरकताना एकसारखा विरोध जाणवला, शेवटी नखे म्यानाच्या तोंडाच्या खाचेत बसले आणि आत खडखड झाली नाही तर जोडी एकमेकांची. तोंडाशी असलेल्या धातूच्या टोपणाला मोहनाळ आणि टोकाच्या टोपणाला तहनाळ म्हणतात. मोहनाळेवर नख्यांनी पाडलेली झीज आणि प्रत्यक्ष नख्यांची रुंदी मोजून ताडा. दोन मिलिमीटरचा फरक असेल तर म्यान दुसऱ्या तलवारीचं. तरीही ते जुनं असेल तर घ्यावं, फक्त नोंदीत तसं लिहावं.

लाकडी फळ्यांवर कातडं किंवा मखमल चढवलेली असते. मखमलीखाली जुन्या कातड्याचा थर डोकावतो का, शिवण हाताची आहे का, धागा सुती की नायलॉनचा हे भिंगाने पाहा. नायलॉनचा धागा विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातला. जुनी मखमल फाटली म्हणून नवी चढवू नका. सैलसर बारीक जाळीचं कापड वरून टाचून घ्या, म्यानात सुई न घालता.

पडदळं, म्हणजे खांद्यावरून येणारा तलवारीचा पट्टा, तलवारीपेक्षा दुर्मीळ, कारण कातडं आधी मरतं. कातडं बोटाला लाल भुकटी लावत असेल तर त्याचा आतून ऱ्हास चाललाय. त्यावर खोबरेल, एरंडेल, बुटांचं पॉलिश काहीही लावू नका. तेलाने ते काळवंडतं, चिकटतं आणि धूळ धरतं. आम्लरहित कागदाची गुंडाळी आत भरून पट्टा सपाट, घडी न घालता ठेवा. भुकटी थांबवायला संवर्धक क्लुसेल-जी हे द्रव्य वापरतात. ते काम त्यांच्याकडूनच करून घ्यावं. बकलं, कड्या, हुक यांवरचा हिरवा मेणासारखा थर कातड्यातल्या चरबीमुळे येतो. तो बांबूच्या काडीने कोरडाच खरवडा.

ढाल असेल तर मागची गादी आणि पकडीचे पट्टे शाबूत आहेत का ते आधी बघा. पुढची फुलं बदललेली असतातच.

कंपनी सरकारच्या आणि ब्रिटिश तलवारी

इथे काम सोपं, कारण कागद आहे. विल्किन्सन कंपनीच्या अधिकाऱ्यांच्या तलवारींना पाठीवर अनुक्रमांक असतो आणि त्यावरून घडणावळीचं वर्ष काढता येतं. राजमुद्रेची अक्षरं राजवट सांगतात: व्हिक्टोरिया, सातवा एडवर्ड, पाचवा जॉर्ज. ‘आय.एस.डी.’ आणि बाणाची खूण म्हणजे हिंदुस्थानसाठी सरकारी खात्याने घेतलेला माल. पलटणीचा क्रमांक मुठीवर आणि पोलादी म्यानावर दोन्हीकडे असतो, तो जुळला पाहिजे. १७९६ च्या नमुन्याची घोडदळाची वक्र पाती हिंदी स्वारांना इतकी भावली की ती देशी मुठींत बसवून पुढे कित्येक दशकं वापरली गेली. कमरेच्या पट्ट्यासोबत खांद्यावरून आडवा जाणारा ‘सॅम ब्राउन’ पट्टा हा सामानातला महत्त्वाचा नग. १८५८ मध्ये डावा हात गमावलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्याचं नाव त्याला मिळालं. मुठीला बांधायचा चामडी गोंडा सहज हरवतो. सुटा मिळाला तर घेऊन ठेवा.

साफसफाई: क्रम मोडू नका

१. सगळ्या बाजूंनी फोटो काढा, मोजपट्टी चौकटीत ठेवून.

२. मऊ ब्रशने कोरडी धूळ झाडा.

३. जुनं तूप, तेल यांचा चिकटा मिनरल टर्पेंटाइनमध्ये भिजवलेल्या कापसाने काढा. खिडक्या उघड्या, दिवा-अगरबत्ती दूर. कापूस प्रत्येक पुसण्याला नवा. मुठीच्या सांध्यापासून दोन बोटं लांब राहा.

४. केशरी गंज दिसला तिथेच, फक्त तिथेच, शिवणयंत्राच्या तेलाचा थेंब टाकून एक-दोन दिवस ठेवा. मग तांब्याच्या किंवा बांबूच्या चपट्या काडीने खरवडा. काळा थर लागला की थांबा.

५. तेल पुन्हा टर्पेंटाइनने पुसून पूर्ण वाळवा.

६. मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा अगदी पातळ हात द्या, दहा मिनिटांनी सुती कापडाने चोळा. मोठ्या पात्याला वाटाण्याएवढं मेण पुरतं. जास्त झालं तर पांढुरकं दिसतं आणि धूळ धरतं. गंज जिवंत असताना वरून मेण लावलं तर तो मेणाखाली वाढत राहतो.

चिंच, लिंबू, व्हिनेगर, फॉस्फरिक आम्लाचे गंजनाशक, पितळ घासायचं पॉलिश, सँडपेपर, बफ मशीन: यांतलं काहीही नाही. बफ मशीनने तलवार अर्ध्या तासात नव्यासारखी होते आणि नाळीच्या कडा, ठसे, जौहर, कोफ्तगिरी सगळं सपाट होतं. सोन्या-चांदीच्या कामावर पॉलिश तर एकदाही नको. तो थर केसाहून पातळ असतो. धार लावून घेणं म्हणजे दोन-तीनशे वर्षं टिकलेलं पोलाद घासून फेकणं.

पावसाळा आणि कपाट

हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर गेली की लोखंड झपाट्याने गंजतं, आणि कोकणात जुलैमध्ये ती त्याहून बरीच वर असते. लोखंडाला ५० टक्क्यांखाली बरं, कातडं-लाकडाला ४५ ते ५५. म्हणून तलवार आणि म्यान वेगळे ठेवा. चामडं कमावताना वापरलेली द्रव्यं आम्लधर्मी असतात आणि लाकूड ओल धरतं. म्यानात ठेवलेली तलवार पावसाळ्यात आतून खाल्ली जाते आणि ऑक्टोबरात उपसायला गेलं की अडकते. पुजेला किंवा पाहुण्यांना दाखवायला म्यानात घालायची, मग पुन्हा काढून ठेवायची.

पातं आडवं, दोन-तीन ठिकाणी ई.पी.ई. फोमच्या आधारावर. पी.व्ही.सी. आणि रबर नको. लोकरी फेल्टमधल्या गंधकाने चांदी काळी पडते, तेही नको. एम.डी.एफ. आणि प्लायवूडच्या कपाटातून आम्लाची वाफ येत राहते. पावडर कोटिंगचं लोखंडी कपाट किंवा पॉलिप्रॉपिलीनची झाकणबंद पेटी बरी. साधारण ६० लिटरच्या पेटीत एक ते सव्वा किलो सिलिका जेल आणि एक लहान आर्द्रतामापक ठेवा. रंग बदललेलं जेल ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवलं की पुन्हा वापरता येतं. निळ्या जेलमध्ये कोबाल्ट असतं, नारिंगी घ्या. म्यानाच्या पेटीत मात्र एवढं जेल घालू नका, लाकूड आक्रसून फळ्या उकलतात.

मखमलीत कसर दिसली तर म्यान पॉलिथिनमध्ये हवाबंद करून डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा आणि बाहेर काढल्यावर एक दिवस पिशवी उघडू नका, नाहीतर बाहेरची ओल मखमलीवर जमते. हस्तिदंत, रंगकाम किंवा मीनाकाम असलेल्या नगाला हे करू नये. डांबरगोळ्या कापडाला चिकटवून ठेवू नका.

खंडेनवमीला शस्त्रपूजन होतंच आणि व्हायलाही हवं. हळद-कुंकू, ओली फुलं आणि पाणी थेट पोलादावर राहिलं तर दुसऱ्या दिवशी डाग उमटतो. पात्याखाली कोरं कापड अंथरा, मुठीजवळ बटर पेपरची पट्टी ठेवून हळद-कुंकू तिच्यावर वाहा, फुलं बाजूला. संध्याकाळी कोरड्या कापडाने पुसून मेणाचा हात द्या. शेंदराचे जुने थर असतील तर ते खरवडू नका; देवघरात किंवा देवस्थानात ठेवलेल्या शस्त्राचा तो इतिहास आहे.

नोंदवही

प्रत्येक नगाला क्रमांक द्या. क्रमांक पोलादावर पेनने लिहायचा नाही. हातकागदाच्या पट्टीवर पेन्सिलीने लिहून सुती फितीने मुठीला बांधा. म्यान, पडदळं, गोंडा यांना तोच क्रमांक आणि पुढे अ, ब, क. नोंदीत मापं, वजन, तोल, ठसे, अक्षरांचा फोटो, कोणाकडून केव्हा किती रुपयांना घेतली, बिलाचा क्रमांक आणि परवाना शाखेच्या पत्राचा संदर्भ. विकणाऱ्याने सांगितलेली कथा वेगळ्या रकान्यात, ‘सांगोवांगी’ असं स्पष्ट लिहून. घराण्याकडून घेत असाल तर त्यांच्याकडची मोडी कागदपत्रं, देवघराचे जुने फोटो, देवस्थानाच्या यादीतली नोंद यांच्या प्रती मागा. यासाठी थोडे जास्त पैसे गेले तरी द्यावेत, कारण तलवार हात बदलली की हे कागद रद्दीत जातात.

तुलनेसाठी नजर तयार करायची तर पुण्यातलं राजा दिनकर केळकर संग्रहालय, कोल्हापूरचा न्यू पॅलेस, नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय आणि हैदराबादचं सालारजंग ही ठिकाणं पुन्हा पुन्हा पाहावीत, प्रत्येक वेळी एकच भाग घेऊन: एकदा फक्त परजा, एकदा फक्त मोहनाळी.

नग हलवायचा असेल तर पातं, म्यान आणि पट्टा वेगवेगळे गुंडाळा, टोकाला कॉर्क किंवा जाड पुठ्ठा लावा, कुलपाची पेटी वापरा आणि परवाना शाखेचं पत्र, बिल आणि नोंदीची प्रत पेटीत न ठेवता हाताशी ठेवा. कुरिअरने पाठवू नका. मनाई आदेशाच्या दिवसांत पेटी घराबाहेर काढू नका.